बिनकाट्याचे गळ

मला स्वस्थ बसता येत नाही. मी वकील आहे, आणि कोर्टात माझी केस पुकारेपर्यंत व्हरांड्यात इतक्या येरझारा घालते की पट्टेवाला म्हणतो, "मॅडम, बसा ना जरा, आमालेच चक्कर येऊन राहिली." हा गुण वडिलांचा. अमरावतीत त्यांनी जन्मभर भिक्षुकी केली. सकाळी सत्यनारायण, दुपारी वास्तुशांत, संध्याकाळी कुणाच्या मुंजीचा मुहूर्त. लहानपणी मी त्यांना सायकलवरच जास्त पाहिलं.

आई गेली आणि थोड्याच दिवसांत बाबा न्हाणीत घसरून पडले. हाड मोडलं नाही, पण मी घाबरले आणि त्यांना अकोल्याला माझ्याकडे घेऊन आले. मी एकटी राहते, घर मोठं आहे, माझ्या लेखी प्रश्न सुटला होता. बाबांचा तिथूनच सुरू झाला. इथे त्यांना ओळखणारं कुणी नाही, बोलावणारं कुणी नाही. रोज आंघोळ झाली की ते आपली पिशवी भरून दाराशी ठेवायचे. "मले अमरावतीले नेऊन दे." संध्याकाळी कोर्टातून आले की मी ती पिशवी उचलून कपाटात टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाराशी. ते तिथे एकटे असताना पुन्हा घसरून पडतील या भीतीनं मला झोप लागत नव्हती, आणि इथे राहावं लागेल या भीतीनं त्यांना.

आमच्या घरात मासा कधी शिजला नाही. तरी मला मासे धरायचा नाद आहे. एका वकील मित्रानं एकदा महान गावच्या धरणावर नेलं, हातात रॉड दिला आणि मी, जिला दोन मिनिटं धड बसवत नाही, ती अख्खी सकाळ एका जागी उभी राहिले. मासा लागला की गळ काढायचा आणि त्याला पुन्हा पाण्यात सोडायचं, एवढंच. आमिष म्हणून गळाला लावायचे विकतचे प्लॅस्टिकचे मासे बुडालेल्या बाभळींत अडकून जायला लागले, तेव्हा मी ते घरीच करू लागले. पांगाऱ्याचं हलकं लाकूड कोरायचं, घासायचं, पोटात शिसं भरायचं. तोंडाशी जुन्या सीडीचा तुकडा बसवला की दोरी ओढल्यावर मासा डुलत पोहतो. संत्र्यांच्या पिशवीची जाळी अंगावर ताणून रंगाचा फवारा मारला की खवले उमटतात. डोळ्यांना मी आईच्या टिकल्या लावते. अमरावतीचं घर आवरताना तिची पाकिटं सापडली, ती टाकवेनात, आणि मी स्वतः टिकली लावत नाही. बारीक काळी टिकली आणि वर वॉर्निशचा थेंब.

नवा मासा तिरका होतो की सरळ राहतो, हे पाण्यात सोडल्याशिवाय कळत नाही. अकोल्यात नळ रोज येत नाही, म्हणून स्वयंपाकघरात प्यायच्या पाण्याचा ड्रम भरलेला असतो. एकदा बाबांनी देवासाठी पाणी घ्यायला झाकण उघडलं, तर आत माझा हिरवा मासा.

"अरे देवा! पाण्यात मासा पडला!"

"लाकडाचा हाये, बाबा."

"लाकडाचा असो का सोन्याचा. देवाच्या पाण्यात मासा?"

"विष्णूनं नव्हता काय घेतला मत्स्यावतार?"

"त्याले गळ नव्हते लटकत."

अख्खा ड्रम त्यांनी झाडांना घालायला लावला. पुढचा नळ येईपर्यंत आम्ही विकतचं पाणी प्यालो आणि एकमेकांवर फुगून बसलो.

त्यानंतर एका संध्याकाळी घरी आले तर बाबा माझ्या कामाच्या टेबलाशी बसलेले. तोच हिरवा मासा डोळ्यांजवळ धरून पाहत होते.

"ही तिची टिकली हाये ना?"

मी हो म्हटलं. आता ओरडणार म्हणून मी तयारच होते. पण त्यांनी त्या डोळ्यावरून अंगठा फिरवला. मासा हातातून निसटला, ते धरायला गेले आणि पोटाखालचा गळ अंगठ्यात रुतला. मी वेड्यासारखी ओढायला लागले. गळाच्या टोकामागे एक उलटा काटा असतो, शिरतो सहज पण मागे येत नाही, हे मला माहीत असूनही ओढलं. बाबा कळवळले. शेवटी डॉक्टरांनी अंगठा बधिर केला, गळ पुढेच ढकलून टोक बाहेर काढलं, काटा कापला आणि मग गळ मागे घेतला.

ऑटोत बाबा बँडेजकडे बघत म्हणाले, "हा काटा कावून असते?"

"मासा सुटू नये म्हणून."

"तू तर त्याले सोडूनच देते ना?"

मला इतका राग आला की मी उगाच ऑटोवाल्यावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी बाबा पक्कड घेऊन बसले आणि एकेका गळाचा काटा दाबून सपाट करू लागले. पिशवी कपाटातच राहिली. मला हायसं वाटलं. त्यांचा हात रिकामा पडू नये म्हणून मी भराभर मासे करत सुटले, कच्चा रंग, वाकडी शेपटी, काहीही. बाबा ते संपवायचे आणि विचारायचे, "अजून?"

एका रविवारी मी त्यांना धरणावर नेलं. झाडाखाली खुर्ची टाकून दिली. ऊन वर आलं आणि गवताच्या कडेला पाणी उसळलं. मरळ! चांगली हातभर लांब, आणि माझ्या हातच्या माशाला लागलेली. बिनकाट्याचा गळ दोरी ताणलेली असेपर्यंतच धरतो. मी मात्र "बाबा, पाहा!" म्हणून मागे वळले, दोरी सैल पडली आणि मरळ गेली.

"गेली!" बाबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवत होते. आई गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"तुमच्या पकडीपायी गेली," मी चिडून म्हटलं.

"तिले जायचं होतं, गेली. तू तिले पाहिली ना? मंग झालं."

घरी आल्यावर त्यांनी स्वतः कपाट उघडून पिशवी काढली.

"तिथं पडाल तुमी."

"पडीन. पण माह्या घरात पडीन."

मी रडले. भांडले. मग अमरावतीच्या न्हाणीत धरायला दांडे बसवून घेतले, शेजारच्या वहिनींशी डब्याचं बोलले आणि बाबांना नेऊन सोडलं. गाडीतून उतरून ते घरातही शिरले नाहीत, आल्याची वर्दी द्यायला आधी गल्लीत गेले.

आता रोज सकाळी मी फोन करते. उचलायला उशीर झाला की घरभर चकरा मारते. परवा नवा मासा रंगवून झाला, गळ लावायला घेतला आणि पक्कड सापडेना. सगळे खण उपसले. मग फोन लावला.

"पक्कड तुमी नेली काय?"

"हो."

"कावून?"

"गळ घेऊन ये इकडं. काटे मी दाबून देतो."

कोपऱ्यावरच हार्डवेअरचं दुकान आहे. मी अजून दुसरी पक्कड घेतलेली नाही.