न थांबता डावीकडे वळा

माझी जाऊ आणि मी एकाच घरात राहतो, म्हणजे एकाच घराच्या दोन वाट्यांत. आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी आपला वाटा उचलायचा. थोरल्याला लबाडीला वावच नाही. आम्ही धाकटे. रस्त्याकडचा पुढचा भाग उचलला, तेव्हा अख्ख्या आळीने आम्हाला शहाणं म्हटलं. मग आम्ही जांभ्या चिऱ्याच्या भिंतींना प्लास्टर केलं, कौलं उतरवून स्लॅब घातला, दर्शनी भागाला गुळगुळीत टाइल्स लावल्या. मागे जाऊबाईंकडे होतं ते तसंच राहिलं: उघडा लाल चिरा, नक्षीचे खांब, उतरती कौलं. मला त्यांची कीव यायची.

आता रत्नागिरीतली जुनी घरं आपली आपण फिरून बघावीत म्हणून कुणीतरी मोबाइलवर नकाशा केलाय. कानात वायरी घालायच्या आणि आतली बाई सांगेल तिकडे चालायचं. सुट्टीला पाहुणे येतात, माझ्या दारावरून सरळ पुढे जातात नि बोळातून मागे जाऊबाईंच्या ओट्याशी थांबतात. फोटो काय, 'वा वा' काय! ज्यांनी घराला एक खिळा म्हणून ठोकला नाही, त्या आयत्या बिळावर नागोबा होऊन कौतुक करून घेतात. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होतो.

एका रविवारी घरात 'मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन येते' म्हणून सांगितलं आणि मीच कानात वायरी घालून निघाले. ती बाई माझ्या घराविषयी काय बोलते, तेवढंच मला ऐकायचं होतं. एक बरा शब्द बोलली असती तरी पुरे होतं.

जन्म गेला या गावात, पण मान वर करून कधी बघितलं होतं? कुणाच्या माडीचा लाकडी कठडा, कुठे कमानी, कुठे दारावरची वेलबुट्टी. बाईला सगळ्याचंच कौतुक. चिरा खाणीतून मऊ निघतो आणि वाऱ्यावर टणक होत जातो, म्हणून तो उघडा ठेवायचा असतो, हेही तिने सांगितलं. मी मनात म्हटलं, बरं बरं, पुढे चल.

आमच्या आळीत शिरले आणि मोबाइलचा आवाज वाढवला. दाराशी पोचले. बाई म्हणाली, "समोर दिसणारा भाग अलीकडे बदललेला आहे. तिथे न थांबता डावीकडच्या बोळात वळा."

कपाळ माझं! मी रोज तिथे सडा-रांगोळी करते, आणि ही भवानी सांगते न थांबता!

वळले. जाऊबाईंच्या ओट्यावर मुंबईचं एक तरुण जोडपं बसलं होतं. जाऊबाईंनी मला पाहिलं, कानातल्या वायरी पाहिल्या. जोडप्यातली मुलगी हसून म्हणाली, "काकू, तुम्हीपण घर बघायला आलात?"

आता काय सांगू? "हो," म्हटलं.

जाऊबाईंनी मला उघडं पाडलं नाही. "या ना, आत या," म्हणाल्या. मला, अहोजाहो! मग आम्हा तिघांना माजघरात घेऊन गेल्या. तिथल्या आडव्या भिंतीकडे बघून तो मुलगा म्हणाला, "ही नंतरची वाटते."

"वाटणीची आहे. पलीकडे माझी धाकटी जाऊ राहते," जाऊबाई म्हणाल्या. "खिडक्या सगळ्या तिकडे गेल्या, उजेडही तिकडेच गेला. मी भर दुपारी दिवा लावून तांदूळ निवडते. तुम्ही फोटो काढता, छान दिसतं. पण इथे राहायचं म्हणजे काय, ते मला विचारा. आधी उचलायचा मान तिचा होता ना. अजून झोंबतं हो मला."

माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, कळत होतं मला. पण खरं सांगते, पोटात असं गार वाटलं! माझ्या घरावर कुणीतरी जळत होतं, आणि त्याही जाऊबाई.

मी हळूच विचारलं, "खूप उजेड असतो का हो तिच्याकडे?"

"खूप," जाऊबाई म्हणाल्या.