माझ्या शेतातली भांडखोर बुरशी

डॉ. कुमुदताई वानकर यांची माझी पहिली भेट झाली तेव्हा मी देवळीच्या चौकात शेतकऱ्यांच्या सभेत माइकवरून धडधडीत चुकीचं बोलत होतो. वनस्पतिरोगांच्या अभ्यासात हयात घालवणाऱ्या ताईंच्या साठीनिमित्त लिहायचं, तर सुरुवात या कबुलीनेच करायला हवी.

त्या हिवाळ्यात आमचा हरभरा फुलावर येता येता उभाच वाळला. मर रोगाला दाद न देणारी जात म्हणून आम्ही तो पेरला होता. बियाणं विकणाऱ्या गोपालसेठना मी भरसभेत ठग म्हटलं, त्यांच्या दुकानाची पायरी चढू नका, असं बजावलं. टाळ्या कडाडल्या. तेवढ्यात ती जात काढणाऱ्या संशोधन केंद्रातल्या ताई गर्दीतून पुढे आल्या.

मी दरडावलं, "मॅडम, तुमची जात मरत नाई म्हणता, मंग आमची मेली काऊन?"

"मले मेलेली झाडं द्या. मुळासकट," हिंगणघाटच्या लेकीने आमच्याच बोलीत सांगितलं.

"जित्याले कोनी पुसत नाई, अन् ह्या मेलेले मांगून राह्यल्या!" मागून कोणीतरी खिजवलं. ताईही हसल्या.

बांधावर बसून त्यांनी खोडं उभी चिरली. आत काळपट रेघ. प्रत्येक पिशवीवर शेतकऱ्याचं नाव लिहिलं आणि गावोगावची झाडं त्या घेऊन गेल्या.

काही आठवड्यांनी त्याच चौकात त्या दोन कुंड्या घेऊन उभ्या राहिल्या. दोन्हींत सेठच्याच पाकिटातलं बी. हिंगणघाटकडची बुरशी घातलेल्या कुंडीतला हरभरा हिरवागार, माझ्या शेतातल्या बुरशीने दुसरा पार मेलेला. सूक्ष्मदर्शकातून या बुरश्या सारख्याच दिसतात, जनुकं तपासली की वंश निराळे निघतात, हे त्यांनी समजावलं. एका वंशाला पुरून उरलेली जात दुसऱ्यापुढे मान टाकते.

मग त्या म्हणाल्या, "सेठचं बियाणं अस्सल हाय. हे जात इथं पेरा म्हनून मीच सांगतलं होतं. इथली बुरशी आधी तपासली नाई. चूक माही हाय."

त्या बोलल्या नसत्या, तर त्यांच्या नावाला धक्का लागला नसता. एका निर्दोष माणसाचं दुकान मात्र उठलं असतं. खुर्ची वाचवण्यासाठी दुसऱ्याचा बळी देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. म्हणून सांगतो, विज्ञान प्रयोगशाळेत जन्मत असेल, पण त्याची परीक्षा चौकात होते.

मी सेठच्या दुकानाची पायरी चढलो. हळूच म्हणालो, "सेठ, चुकलो."

"भाऊ, ठग म्हटलं माइकवर, अन् माफी कानात काऊन?"

पुढच्या सभेत माइकवर मागितली. ताई पहिल्या रांगेत होत्या. नंतर म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या नावाची बुरशी सगळ्यायत भांडखोर निंगाली!"

तेव्हापासून कोणत्याही गावाला जात सुचवण्याआधी ताई तिथली मेलेली झाडं मागवतात. आणि मी भाषण ठोकण्याआधी त्यांना विचारतो.

ताई, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. यंदाही शिवारात कुठे झाड वाळलं, तर माइक हाती घेण्याआधी मी ते मुळासकट तुमच्याकडे आणीन. ते चिरून खरं सांगणारा तुमचा हात शंभरीतही असाच स्थिर असो.