गेट सोडलं की निर्यात

माझ्या हातून मूर्खपणा पुष्कळ झाला, पण फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहून, वर तारीख घालून केलेला हा एकच. वडगाव रासाईतल्या आमच्या बायकांच्या गटाच्या शेडमधून भेंडीचा टेम्पो सुटला, की मी खडूनं लिहायचे, 'आजची निर्यात', आणि पुढे खोक्यांचा आकडा. टेम्पो गेटाबाहेर पडला म्हणजे भेंडी परदेशी पोचली, असं मी धरूनच चालले होते. एकदाही विचारलं नाही, की बाबा, पोचली का?

तेव्हा मी चाळिशीत होते, दहावी पास होते आणि गटाची प्रमुख होते. तिन्ही गोष्टी डोक्यात गेल्या होत्या. माल न्यायला येणारा कंपनीचा माणूस आधी फळ्यापुढे उभा राहायचा. "काय अक्षर हाय ताई, छापल्यावानी! हाच आकडा तालुक्याला जातो, तिथनं जिल्ह्याला, तिथनं पार दिल्लीला." मग काय, मी त्याला भाऊ मानला. राखी बांधली, तीही चांदीची. हंगामभर आकडा चांगला दिसला की तिकडचा भाव मिळणार, तोवर गावचाच भाव, असं तो म्हणाला. मला तेही पटलं. दिल्लीत आपलं अक्षर कसं दिसत असेल, या विचारात मी दोनदा आमटी करपवली.

आकडा चढता राहावा म्हणून मी आणखी बायका ओढल्या. पहिली माझी धाकटी जाऊ. तिची शेवंती कळ्यांनी लगडली होती.

"अक्का, खरंच भाईर जाती का वो समदी?" तिनं विचारलं.

"अगं, रोज लिवते की मी!"

तिनं शेवंती उपटली आणि भेंडी लावली. परदेशची भेंडी बोटाएवढीच लागते. एका दिवसाचा तोडा चुकला की निबर होते. त्यापायी ती सख्ख्या भावाच्या मुलीच्या लग्नालाही गेली नाही. भावानं तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढे एका सकाळी मी मालकांचे डोळे दाखवायला दौंडला गेले. तिथल्या मंडईत आमची खोकी! खोक्यांवर शेतकऱ्याचा नंबर मीच घालायचे. सगळ्यात वरचा नंबर जावेचा, माझ्या वळणाचा.

"कुठली रं ही भेंडी?"

"एक्स्पोर्टची हाय मावशी. परदेशात जाती."

"मग हितं काय करती?"

"इमान चुकलं तिचं!" भाजीवाला स्वतःच्याच विनोदावर हसला. "घ्या की. कवळी हाय."

"कवापासनं येती?"

"सुरुवातीपासनं. थोडी तिकडं जाती, बाकीची आमच्याकडं."

मी पाव किलो घेतली. का घेतली, देव जाणे. मालक म्हणाले, "घरात पोतंभर पडलीया की!" त्यांना डोळ्यांत औषध घातलेलं, माझा चेहरा दिसला नाही हे बरंच झालं.

तिथूनच त्या राखीच्या भावाला फोन लावला. तो घाबरला नाही, चिडला नाही, तेच जास्त लागलं.

"ताई, गेट सोडलं की निर्यातच धरत्यात."

"आन् पोचली किती, ते?"

"तो रकाना आपल्याकडं न्हाई."

"आन् तिकडचा भाव?"

"तो पोचलेल्यावर असतोय ना ताई."

"म्हंजी तुला ठावं व्हतं?"

"आकडा खाली आला की वरनं इचारणा व्हती. तुमी लिवत रहा. अक्षर चांगलं हाय तुमचं."

मी फोन ठेवला. कागदावर माझ्या जावेची भेंडी समुद्र ओलांडून गेली होती. देशाची निर्यात तेवढ्यानं वाढली म्हणून कुणीतरी कुठंतरी टाळ्याही वाजवल्या असतील. खरी भेंडी दौंडात कुणाच्यातरी डब्यात परतून गेली होती. आणि त्या कागदाची सुरुवात माझ्या खडूपासून होती.

परतले ती थेट जावेच्या रानात. ती सरीत वाकून तोडत होती. मी सगळं सांगितलं. वर रडलेसुद्धा, कसं फसवलं गं मेल्यानं मला, राखी बांधली होती गं! तिनं समजूत काढावी, अशी माझी अपेक्षा, बघा. ती ओळ संपेपर्यंत तोडत राहिली. मग पाटी खाली ठेवून म्हणाली,

"अक्का, त्यानं तुमाला फसवलं, व्हय, खरं हाय. पर मी त्याला कुठं काय इचारलं व्हतं? मी तुमाला इचारलं व्हतं."