जेद्दात अब्बांनी मारलेला गोल

रियाधहून जेद्दाला विमानाने दोन तासांत पोहोचता येतं, हे मलाही माहीत आहे. तरी आम्ही गाडीने गेलो. मला गाडी चालवायची भारी हौस, आणि अब्बांना रस्ता बघायचा होता. खरं कारण मात्र माझी नऊ वर्षांची झोया. शाळेच्या फुटबॉल टीममध्ये घेतल्यापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीवर नाहीत. जेवताना तिने आजोबांना तोंडावर सांगितलं, "नाना, यू आर ब्लफिंग."

अब्बांचा घास हातातच राहिला.

गोष्ट अशी. तरुणपणी अब्बा जेद्दाच्या बंदराच्या कामावर होते, कॅम्पच्या मेसमध्ये भांडी घासायला. तिथल्या एका कंपनीच्या टीमकडून फायनलचा गोल आपण मारला, असं ते सांगतात. पण आमच्या रत्नागिरीकडच्या गावात तो कप आहे सलीमचाचांच्या घरी, आणि त्यावर नावही त्यांचंच. अब्बांनी विषय काढला की लोक फिदीफिदी हसायचे. लहानपणी मीही तिथून काढता पाय घ्यायचे.

"जेद्दात शराफिया मोहल्ल्यातल्या खानावळीत त्या फायनलचा फोटो आहे," अब्बा म्हणाले. त्यांचा व्हिजिट व्हिसा संपायला आठ दिवस होते. म्हटलं, चला, एकदाचा निकाल लागू दे.

पहाटेची फजरची नमाज झाली की निघा, हा माझा पहिला सल्ला. साडेनऊशे किलोमीटर सरळसोट रस्ता, दोन्हीकडे वाळू नि मधूनच उंट. पेट्रोल स्वस्त, पण पंपांवरच्या बाथरूमबद्दल न बोललेलं बरं. टिश्यू आणि पाणी जवळ ठेवा. वाटेत फूल आणि गरम तमीस, म्हणजे घेवड्याची उसळ नि ताटाएवढी रोटी, घ्याच. तिघांचं पोट पंधरा रियालमध्ये टम्म भरलं.

गाडीत अब्बांची टेप सुरू. त्यांच्या टीमचा कॅप्टन मॅक, एक स्कॉटिश इंजिनिअर. स्वतःच्या देशात पगारी खेळाडू असलेला, गुडघा गेल्यावर नोकरीसाठी देशोदेशी फिरला आणि जाईल तिथे टीम उभी केली. "मेला भर उन्हात पळवायचा. पण बॉल कसा थांबवायचा, ते त्याने शिकवलं," अब्बा म्हणाले. झोयाने कानात इअरफोन घातले.

ताइफनंतर अल हदाचा घाट. आपल्या कुंभार्लीला लाजवेल अशी वळणं! कधी कधी दुरुस्तीसाठी बंद असतो, आधी चौकशी करा. कठड्यावर माकडं टपून बसलेली असतात. काचा बंद ठेवा. आम्ही ठेवल्या नाहीत. अब्बांची बिस्किटं गेली.

अब्बांचा मक्केचा उमरा आधीच झाला होता, त्यामुळे थेट जेद्दा. दुसऱ्या दिवशी दुपारी शराफियात. पार्किंग मिळायला अर्धा तास, तो धरूनच चाला. खानावळ सापडली, सुरमईचा वास गल्लीपर्यंत. पण आत गुळगुळीत टाइल्स, भिंतीवर मोठ्ठा टीव्ही. फोटोबिटो काही नाही. अब्बांचा चेहरा उतरला. झोया माझ्याकडे बघून भुवई उडवणार, तेवढ्यात मी तिला चिमटा काढला.

गल्ल्यावर पहिल्या मालकांचा मुलगा हनीफभाई होता. सगळं ऐकून तो म्हणाला, "थांबा चाचा, अब्बाजींच्या वस्तू मी टाकलेल्या नाहीत." माळ्यावरून मसाल्याच्या डब्यांमागची एक धुळकट फ्रेम आली.

मध्ये लालबुंद मॅक. शेजारी कप धरलेला काडीपैलवान. तेच नाक, तेच कान, शंकाच नको! आणि खाली टाइप केलेलं नाव सलीमचाचांचं.

"अब्बा, हे तर तुम्ही! मग नाव त्यांचं कसं?"

अब्बा खुर्चीत बसले. "टीममध्ये कंपनीचीच माणसं चालायची. सलीम कंपनीचा, माझा कफील, व्हिसा देणारा मालक, वेगळा. शुक्रवारी त्याला सुट्टी, मला मेसची ड्युटी. मग आम्ही इकामे, ती ओळखपत्रं, बदलायचो. मी सलीम होऊन खेळायचो, तो इस्माईल होऊन माझी भांडी घासायचा."

"आणि मॅकला कळलं नाही?"

"त्याला सगळं ठाऊक! म्हणायचा, मला फॉरवर्ड हवाय, इकामा नको."

माझा पारा चढला. "आयुष्यभर लोक हसले तुम्हाला! आत्ता टाकते हा फोटो गावच्या ग्रुपवर."

अब्बांनी माझ्या फोनवर हात ठेवला. "नको गो बाय. सलीम गेला. त्याचे नातू तो कप बघून खेळायला लागले. आणि मी नव्वद मिनिटं पळलो तर गोल झाला. त्याने दोन वर्षं दर शुक्रवारी माझी भांडी घासली, ती कुणी बघितली?"

मला रडूच आलं. हनीफभाईने जेवणाचे पैसे घेतले नाहीत. झोया फ्रेम मांडीवर घेऊन बसली होती, सुरमई गार झाली तरी.

म्हणून या पोस्टमध्ये गावाचं नाव नाही, फोटो नाही, आणि सलीम नि इस्माईल ही नावंही मी बदललीत. परतीच्या प्रवासाचं विशेष काही नाही. बिस्किटं मात्र डिकीत ठेवली होती.

व्हिसा संपायच्या आदल्या दिवशी अब्बांना रियाधच्या विमानतळावर सोडायला गेलो. सामान चेक-इन झालं, गळाभेटी झाल्या. तेवढ्यात झोयाने त्यांची बाही ओढली.

"नाना, विच फूट?"

अब्बांनी चप्पल काढली आणि भर विमानतळावर डावा पाय पुढे केला.