गुरुजींचा गुडघा आणि अंदमानची पायवाट

एका सहलीचे किस्से असावेत तरी किती? अंदमानहून येऊन आम्हाला दोन महिने झाले. पण पापडाच्या डब्यासारखं झालंय, वरचा काढला की त्याला चिकटून खालचा येतो! त्यात मी शेजारीण. बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात आमची आणि चौधरी गुरुजींची भिंत एकच. कान लावावा लागत नाही, आपोआप लागतो.

आठवतील तसे सांगते. मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

* * *

गुरुजींनी सगळी नोकरी मराठी शाळेत भूगोल शिकवण्यात घालवली. मुलांकडून बेटं पाठ करून घेतली, पण स्वतः समुद्र पाहिला नव्हता! रिटायर झाल्यावर जाऊ, जाऊ म्हणता म्हणता उजवा गुडघाच बसला.

डॉक्टर म्हणाले, "गुडघा बदलावा लागेल. नंतर सपाट रस्त्यावर खुशाल फिरा, पण डोंगर-जंगल आता विसरा."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "ऑपरेशन करू. पण त्याआधी एकदा, ह्याच पायांनी, बेटावरच्या जंगलातून समुद्रापर्यंत चालत जाणार!"

मालतीवहिनी, म्हणजे गुरुजींच्या मिसेस, शांतपणे म्हणाल्या, "गुडघा तुमचा आहे, पण त्याला शेक मी देते. मला विचारलं का?"

मग रोज सकाळी तापीकाठी राजघाटाच्या पायऱ्यांवर प्रॅक्टिस. गुरुजी बूट घालून चढायचे, वहिनी खालच्या पायरीवर बसून गवार मोडायच्या. पंधरा दिवसांनी वहिनींनी स्वतःसाठीही बूट आणले. तेव्हाच मी ओळखलं, तिकिटं निघणार!

निघालो पाच जण. ते दोघं, आम्ही दोघं आणि वहिनींचा भाऊ भास्करभाऊ. त्याची देडतलाईकडे केळीची बाग आहे.

* * *

बोट बेटाच्या धक्क्याला लागली. समोर पाणी असं, की हिरवं म्हणावं तर निळं आणि निळं म्हणावं तर हिरवं. पैठणीचा पदर उन्हात धरला की दिसतो ना, तसं. आम्ही सगळे चपला हातात घेऊन पळालो. गुरुजी मात्र कोरड्या वाळूत उभे!

"या ना गुरुजी, पाय तरी बुडवा!" मी ओरडले.

"नाही शोभाताई. पायवाट चालून पलीकडच्या किनाऱ्याला पोचेन, तेव्हाच पाय लावीन. धक्क्यावर उतरून पाय बुडवणं म्हणजे परीक्षेआधी पेपर फोडणं!"

वहिनी गुडघाभर पाण्यातून म्हणाल्या, "बघा, समुद्रालासुद्धा अटी!"

* * *

उतरलो होतो एका बंगाली बाईंच्या घरी. अंगणात पाऊल टाकावं तिथे नारळ. वहिनींनी बॅग उघडली आणि आतून काय काढलं? नारळ! बुऱ्हाणपूरहून आणलेला!

बाई हसून हसून खाली बसल्या. "दीदी, यहाँ नारियल लाया?"

आपल्याकडे तापीमायला नारळ वाहतात, तसा समुद्राला वाहायचा होता. वहिनी मुळीच लाजल्या नाहीत. "कुणाच्या घरी जाऊन त्यांच्याच डब्यातला लाडू त्यांना देतात का?"

संध्याकाळी नारळ वाहिला. लाटेनं परत आणून दिला. पुन्हा वाहिला, पुन्हा परत! तिसऱ्यांदा वहिनींनी दम भरला, "घ्या आता, किती आग्रह करायला लावता!" आणि गेला की तो. थेट गेला!

* * *

पायवाटेची सकाळ उजाडली. बिपुल नावाचा गाइड पुढे, आम्ही मागे. जंगलात शिरलो आणि दिवसाचा रंगच बदलला. झाडं इतकी उंच, की ऊन खाली येईपर्यंत हिरवं होऊन येत होतं. किड्यांची किर्र एकसारखी, दूरवर पिठाची चक्की चालू असावी तशी. पानावरून थेंब पडायचा, पण पाऊस नव्हता. आणि कुठून तरी, दिसत नसलेला समुद्र श्वास घेतल्यासारखा ऐकू यायचा.

मी गप्प झाले. मी! लोधीपुऱ्यातली शोभा!

आमच्या ह्यांनी थोड्या वेळानं मागे वळून विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" मी मान हलवली. पुढच्या वळणावर पुन्हा विचारलं. मग बिपुलला म्हणाले, "भैया, ये रास्ता पार्सल मिलेगा क्या? घर ले जाना है!"

* * *

मध्येच भास्करभाऊ थांबला. वाटेच्या कडेला रानकेळ होती, दाट बेटच्या बेट. त्याचा जीव कळवळला. "अरे भो, बुंध्याशी फुटलेली पिलं कापलीच नाहीत कुणी! बागेची काय दशा करून ठेवली!" म्हणत तो बुंध्याशी वाकलासुद्धा.

"हाथ मत लगाओ दादा! जंगल का है!" बिपुल धावला.

"पर इसको देखनेवाला कोई नहीं है क्या?"

"जब से जंगल है, कोई नहीं देखता. तब भी है."

भास्करभाऊ उभा राहिला. त्यानं पानं पाहिली, लोंबणारं लाल केळफूल पाहिलं. पाणी पाळीनं सोडणारा, खतासाठी पहाटे उठणारा माणूस तो. मग मला हळूच म्हणाला, "ताई, हे घरी बागेला सांगू नका."

* * *

माझी फजिती सांगायलाच हवी. वाटेत मला एक सुंदर शंख सापडला, केशरी रेघांचा. रुमालात गुंडाळून ठेवला, पाणी प्यायले, बघते तर रुमाल चालतोय!

मी किंचाळले. बिपुलनं रुमाल उघडला. शंखातून एक छोटा खेकडा डोळे काढून माझ्याकडे बघत होता. "आंटी, ये उसका घर है. ऐसे ही पहनकर घूमता है."

मी मुकाट्यानं त्याला पानांवर सोडला. तो लगेच निघून गेला नाही. थांबला, वळला, माझ्याकडे नीट पाहिलं.

आमचे हे म्हणाले, "शेजारीण ओळखली त्यानं!"

* * *

शेवटचा उतार उतरलो तेव्हा गुरुजींचा गुडघा टम्म सुजला होता. झाडी संपून तिवरांचं रान लागलं. पाण्यात मुळं सोडून उभी राहतात ती झाडं. त्यांच्यापलीकडे, फांद्यांच्या फटीतून, समुद्राची चकाकती पट्टी दिसत होती. मध्ये नुसता चिखल.

बिपुल थांबला. "अब आगे नहीं. पानी चढ़ने का टाइम हो गया. और दादा का पैर कीचड़ में फँसेगा."

"कल?" मी विचारलं. पण मलाच माहीत होतं, सकाळी परतीची बोट होती.

गुरुजी एका आडव्या मुळावर बसले. पट्टीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चला. इथवर आलो, तेही पुष्कळ." आवाज असा, की आम्ही कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.

वहिनींनी बिपुलला विचारलं, "पानी चढ़ता है, तो कहाँ तक आता है?"

त्यानं मुळावरची, घोट्याइतक्या उंचीची ओली खूण दाखवली. "यहाँ तक. टखने तक."

"डर है?"

"इस जगह नहीं. मैं हूँ ना. थोड़ी देर रुककर निकल जाएँगे."

वहिनी गुरुजींशेजारी टेकल्या, बुटांच्या नाड्या सैल केल्या. "मग उठू नका. तुम्हाला जाता येत नाही ना? त्याला येऊ द्या."

गुरुजी त्यांच्याकडे बघतच राहिले. "भरती!" ते पुटपुटले. "अहो, दर वर्षी शिकवली मी. आकृतीसकट!"

किती वेळ गेला कोण जाणे. किर्र थांबली होती. आणि मग ते आलं. लाट नाही, आवाज नाही. चिखलातून बोटभर रुंदीचं पाणी, पुढे एक पिवळं पान ढकलत. थांबायचं, मुळाला वळसा घालायचं, पुन्हा पुढे.

"पूर!" भास्करभाऊ एकदम ओरडला. तापीकाठचा माणूस, चढतं पाणी दिसलं की त्याला एकच गोष्ट कळते. त्यानं पाचही जणांच्या पिशव्या फांदीवर टांगल्या! "ताई, वर चढ! दाजी, उठा!"

"गप्प बस रे भास्कर!" वहिनी म्हणाल्या.

पाणी गुरुजींपासून हातभर अंतरावर येऊन थबकलं. गुरुजींनी बूट काढले, मोजे काढले, पँट दुमडली. पाय पुढे मात्र केला नाही. मुळावर थोडे सरकले, शेजारी जागा केली, शर्टाची कॉलर नीट केली आणि पाण्याला म्हणाले,

"या."