शेजारच्या खोलीतले डॉन एवारिस्तो

कार्डिफच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये पॉटलक असलं की जेवणं होईपर्यंत सगळे धीर धरतात. नंतर कुणीतरी म्हणतंच, "वीणा, तुझा तो डॉन काढ ना!" मग मी एक काढते, त्याला चिकटून दुसरा येतो. पाच वर्षं एका माणसाच्या शेजारच्या खोलीत बसून नोकरी केली की असंच होतं. आपण काही जमवायला जात नाही, फ्रिजवरच्या मॅग्नेटसारखे किस्से आपोआप वाढत जातात!

माणूस मेक्सिकोचा. तरुणपणी डिप्लोमॅट, मग डाव्यांच्या राजकारणात, सेनेटर, पुढे राजदूत. सगळं करून सत्तरीला टेकल्यावर, दोन हजार तीन साली, आमच्या युनिव्हर्सिटीत व्हिजिटिंग प्रोफेसर म्हणून आले. पुस्तक लिहायला. मी त्या डिपार्टमेंटची ॲडमिनिस्ट्रेटर. त्यांचं टपाल, तिकिटं, फॉर्म माझ्याकडे, आणि त्यांच्या हस्ताक्षरातली पानं टाइप करायची तीही माझ्याकडेच.

नाव एवारिस्तो. पण सगळे म्हणायचे 'डॉन एवारिस्तो'. नागपूरला आईला फोनवर हे सांगितलं, तर ती हादरलीच.

"डॉन? अगं, कसल्या लोकांत काम करतेस तू!"

"आई, त्यांच्याकडे डॉन म्हणजे आपल्याकडचं 'राव' गं. मान देतात."

पुढच्या उन्हाळ्यात आई आली. डॉन एवारिस्तोंनी उठून, वाकून तिला खुर्ची दिली, स्वतः चहा करून आणला. बाहेर पडल्यावर आई म्हणाली, "आपल्याकडच्या रावांपेक्षा डॉन बरा!"

* * *

स्टुडंट्सना ते आपल्या पहिल्या निवडणुकीची गोष्ट सांगायचे. मतदारसंघ डोंगराळ. तिथल्या लोकांची भाषा स्पॅनिश नव्हे, वेगळीच. हे दुभाष्या घेऊन गेले. एका म्हातारीनं सगळं भाषण ऐकलं आणि दुभाष्याला म्हणाली, "याला सांग, माझ्याशी बोलायचं तर स्वतः बोलायला ये."

निवडणूक हरले. दुसरा असता तर मतदारसंघ बदलला असता. यांनी मास्तर ठेवला! रोज पहाटे दोन तास, अशी काही वर्षं ती भाषा शिकले. पुढच्या निवडणुकीला थेट त्याच म्हातारीच्या दारात. तिच्या भाषेत अर्धा तास बोलले, मत मागितलं.

म्हातारी म्हणाली, "नाही देणार."

"का? आता तर स्वतः आलो!"

"मागच्या वेळी काही कळलं नव्हतं, म्हणून देणार होते. या वेळी सगळं कळलं!"

वर्गात हशा. एकानं विचारलं, "मग तुम्ही काय केलंत?"

"निवडून आलो," डॉन एवारिस्तो म्हणाले. "त्या गावात मात्र पडलो."

* * *

चाळीस वर्षं सरकारी गाडीच्या मागच्या सीटवर काढलेला माणूस. कार्डिफला आल्यावर त्यांनी जाहीर केलं, "आता पुढे बसणार." ड्रायव्हिंग टेस्ट तीनदा नापास. चौथ्यांदा पास! लगेच एक जुनी लाल हॅचबॅक घेतली. नेमकं तेव्हाच मिल्टन कीन्सला सेमिनार निघाला. ट्रेनची तिकिटं काढते म्हटलं तर ऐकेनात. बरोबर मी.

मिल्टन कीन्समध्ये पोचेपर्यंत सगळं ठीक. मग राउंडअबाउट, म्हणजे ते गोल चौक, सुरू झाले. एक संपला की दुसरा. पहिल्याच राउंडअबाउटला उजवीकडून येणाऱ्या व्हॅनच्या पुढे गाडी घातली. व्हॅनवाल्यानं हॉर्न वाजवला, खिडकीतून जे बोलायचं ते बोलला.

मी ओरडले, "अहो, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं!"

"उजव्यांना? आयुष्यभर दिलं नाही, आता सत्तरीत देऊ?"

पण नियम तो नियम. पुढच्या प्रत्येक राउंडअबाउटला थांबायचे, दात आवळून उजवीकडे बघायचे आणि म्हणायचे, "जा बाबांनो, जा." पार शेवटची गाडी जाईपर्यंत. मागे ही रांग!

सेमिनारला पाऊण तास उशीर. आयोजक बाईंनी विचारलं, "ट्रॅफिक होता का?"

डॉन एवारिस्तो कोट झटकत म्हणाले, "इथे उजव्यांचं फारच बहुमत आहे!"

* * *

ही गोष्ट मात्र ते हसत सांगायचे नाहीत. दक्षिण अमेरिकेतल्या एका राजधानीत ते वकिलातीत ज्युनिअर होते. तिथे लष्करानं सत्ता घेतली. रस्त्यात धरपकड. लोक मुलंबाळं घेऊन वकिलातीच्या गेटपाशी. राजदूत देशाबाहेर, म्हणजे कारभार यांच्या हाती. यांनी गेट उघडलं. मायदेशाहून तार आली, 'आणखी कुणाला आत घेऊ नका. गेट बंद करा.'

यांनी उलट तार केली, 'आपली तार अस्पष्ट. पुन्हा पाठवा.'

पुन्हा आली. 'अजूनही अस्पष्ट.'

तिसऱ्यांदा आली तोवर बाग भरली होती, जिन्यावर माणसं झोपत होती. शेवटी मंत्र्यांनी स्वतः फोन केला, "आता तरी ऐकू येतंय का?"

"साहेब, लाइनवर खरखर फार आहे!" म्हणून यांनी फोन ठेवून दिला.

मी विचारलं, "नोकरी जाईल अशी भीती नाही वाटली?"

"वाटली ना. म्हणून पहिल्याच दिवशी माझं टेबल रिकामं करून ठेवलं."

"मग?"

"मग काय, त्यावर दोन मुलं झोपायला लागली."

* * *

दोन हजार सहा साल. बाहेरून आलेल्या डॉक्टरांसाठीचे नियम एकाएकी बदलले. श्रीकांतचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, ट्रेनिंग अर्ध्यावर आणि व्हिसाचा अर्ज नामंजूर. मुलगी नुकती शाळेत जायला लागलेली. आम्ही दोघांनी बसून अपील लिहिलं. ऑफिसात ते प्रिंट करताना माझे डोळे भरून आले. डॉन एवारिस्तोंनी कागद हातातून घेतला, लाल पेन काढलं.

"'नम्र विनंती' काढा. 'कृपा करून' काढा. 'आम्ही फार अडचणीत आहोत' काढा."

"मग उरलं काय?"

"तारखा. कुठल्या दिवशी आलात, कुठल्या दिवशी कुठला नियम होता, कुणी काय लेखी दिलं. रडणारा कागद वाचून बाजूला ठेवता येतो. तारखांना उत्तर द्यावं लागतं."

सात वेळा लिहायला लावलं. सातही वेळा जेवणाच्या सुट्टीत, स्वतः न जेवता. चौथ्या वेळी मी म्हणाले, "जाऊ दे, आम्ही परत जातो." ते म्हणाले, "जायचं तर जा. पण हे पत्र पूर्ण करून जा!"

दहा आठवड्यांनी मंजुरी आली. श्रीकांतनं मोठं थँक्यू कार्ड आणलं, मनापासून पानभर लिहिलं, मी त्यांच्या टेबलावर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कार्ड माझ्या टेबलावर परत! लाल पेनात शेरा, "'अत्यंत' तीनदा आलंय. एक ठेवा."

* * *

पुस्तक पुरं होत आलं, तेव्हाची गोष्ट. त्यातलं एक प्रकरण अकरा पानांचं होतं. डोंगरातल्या त्यांच्या मतदारसंघातून तीस वर्षांपूर्वी लष्करानं हिरव्या गाड्यांत घालून नेलेली आणि कधीच परत न आलेली माणसं. शेवटी त्यांच्या नावांची यादी. ती मीच टाइप केली होती.

एका दुपारी लंडनहून त्यांच्या देशाचा एक अधिकारी आला. चाळिशीचा, नीट इस्त्रीचा सूट, बोलायला अदबशीर. डॉन एवारिस्तोंनी मला मुद्दाम शेजारी बसवलं आणि मला कळावं म्हणून बोलणं इंग्लिशमध्ये ठेवलं.

"मायदेशी तुमचा मोठा सन्मान करायचं घाटतंय," तो म्हणाला. "फक्त ती अकरा पानं नसली तर बरं, असा वरून निरोप आहे."

"तुम्ही वाचलीत?"

"नाही. मला फक्त निरोप दिलाय."

डॉन एवारिस्तोंनी ड्रॉवरमधून ती अकरा पानं काढून त्याच्या हातात दिली. "ट्रेनमध्ये वाचा. वाचूनही काढावीत असं वाटलं, तर फोन करा. काढून टाकेन."

तो सुटल्यासारखा हसला, हात मिळवून गेला. मी मात्र भडकले.

"अहो, शब्द काय दिलात! त्याचं कामच आहे फोन करणं!"

"दिला खरा," ते म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

दीड तासानं माझ्या टेबलावरचा फोन वाजला. तोच होता. मागे ट्रेनचा आवाज. डॉन एवारिस्तो दारात येऊन उभे राहिले. मी फोन त्यांना द्यायला लागले, त्यांनी मानेनं नको म्हटलं.

"सेन्योरा, टाइप तुम्ही केलंय का?"

"हो."

"यादीतलं सातवं नाव. आडनावाच्या शेवटी एस पडलाय. तिथे झेड हवा."

मी पेन्सिल घेतली. "दुरुस्त करते. आणखी काही काढायचं?"

मी एस खोडून झेड केला.

"काही नाही. माझे वडील सही करताना त्या झेडला खाली शेपटी काढायचे. छापता येत नसेल, तर राहू द्या."