दाराशी उभे आयझॅककाका

आयझॅककाकांना वाचायला दिलेलं पुस्तक परत आलं, की त्याच्या समासात पेन्सिलीच्या बारीक फुल्या असायच्या. इंग्लंडमधल्या खेड्यांत घडणाऱ्या जुन्या खूनकथांचं माझ्याकडे एक अख्खं कपाट आहे. गवती छपरांची घरं, चर्चमागची गल्ली, विष घातलेला केक, आणि शेवटी सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून खुनी कोण ते सांगणारा पोलीस डिटेक्टिव्ह. या पुस्तकांवर माझा जीव आहे, आणि त्यांत कुणी रेघोट्या मारल्या की माझं डोकं फिरतं. पहिल्या पुस्तकातल्या फुल्या मी मुकाट्याने खोडरबराने खोडल्या. दुसऱ्यातही तेच. तिसऱ्या वेळी मात्र चष्मा लावून बसले, आणि लक्षात आलं की जिथे कुणीतरी डिटेक्टिव्हला घरात बसवून चहा दिला होता, त्याच ओळींपाशी फुली होती. बाकी अख्खं पुस्तक कोरं.

लंडनच्या स्टॅनमोर भागातल्या ज्या औषधांच्या दुकानात मी फार्मासिस्ट आहे, तिथे ते रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येत. उंच, ताठ, कोटाची सगळी बटणं लावलेला म्हातारा. मी फोनवर आईशी बोलत होते ते ऐकून त्यांनी शुद्ध मराठीत विचारलं, पुण्याची का तू म्हणून. बेने इस्रायली ज्यू कुटुंबातला भायखळ्याचा जन्म, अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर बोटीने इकडे. मराठी आईकडून आलं तेवढंच, पण घडी न मोडलेलं. नोकरी पोलिसांत, डिटेक्टिव्ह इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त. बायको आधीच गेलेली, मूलबाळ नाही. खूनकथांनी वेडावलेल्या माझ्यासारख्या बाईला खराखुरा डिटेक्टिव्ह भेटला म्हटल्यावर मी त्यांना सोडते कशाला. पुढच्याच रविवारी चहाला बोलावलं.

ते वेळेवर आले आणि दारातच उभे राहिले. आत या म्हटलं तर म्हणाले, "मला दाराशीच बरं आहे." चहाही नको. मी मनातून चिडले. आमच्यासारख्यांच्या घरी बसायला यांना कमीपणा वाटतो की काय, असंही मनात आलं. नंतर कळलं की ते कुणाकडेच बसत नाहीत, कुणाकडेच चहा घेत नाहीत. पावसात भिजत उभे राहतील, गुडघा दुखतोय म्हणून चौकटीला टेकतील, पण उंबरा ओलांडणार नाहीत. पुस्तक परत करताना त्यांचा एकच प्रश्न असायचा. "वसुधा, चहा कुणाकडे झाला?" मला वाटायचं, म्हाताऱ्याची खोड. मी हसायची.

आम्हा सहा जणींचं एक वाचन मंडळ आहे. एका रविवारी दुपारी माझ्या घरी अशाच एका खूनकथेवर गप्पा होत्या, आणि काकांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. ते पॅसेज आणि खोली यांच्या मधल्या दारात उभे राहिले. आमच्यातली नेहा इथेच जन्मलेली. तिने उत्साहाने विचारलं, "काका, तुम्ही असा कधी केला का? म्हणजे सगळ्यांना एका रूममध्ये बोलवून, यू नो, खुनी हा आहे असा सांगितला?" आम्ही सगळ्या पुढे सरसावून बसलो.

काका म्हणाले, एका खेड्यात सांगितलं होतं, आणि चुकीचं सांगितलं होतं.

ते खेडं अगदी आमच्या पुस्तकांतल्यासारखंच होतं. एक निवृत्त शिक्षिका तिच्याच जिन्याखाली डोकं फुटलेल्या अवस्थेत सापडली होती. काका जबान्या घ्यायला घरोघर फिरले. लोक दार बोटभर उघडत, यांच्या चेहऱ्याकडे बघत, ओळखपत्र दोनदा वाचत आणि उंबऱ्यावरूनच उत्तरं देत. आठ घरांत हेच झालं. नववं घर चर्चचा कारभार बघणाऱ्या एका सभ्य गृहस्थांचं. तिथे त्यांच्या बायकोने यांना आत नेलं, शेकोटीजवळच्या खुर्चीत बसवलं, चहा आणि फळांचा केक दिला, मुंबईची चौकशी केली. तुमच्या आईला तुमचा किती अभिमान वाटत असेल, असंही म्हणाली. मग दोघांनी सांगितलं की त्या दिवशी चार वाजता कॉलिनला शिक्षिकेच्या मागच्या फाटकातून बाहेर पडताना त्यांनी पाहिलं.

कॉलिन गावात कुंपणं छाटायची कामं करायचा. काका त्याच्याकडे गेले तर तो बाहेर आला आणि मागे दार ओढून घेतलं. जे विचारायचं ते इथंच विचारा म्हणाला. काकांना वाटलं, हा आत काहीतरी लपवतोय. त्यांनी त्याला अटक केली. खटला उभा राहायच्या आधीच कॉलिनने कोठडीत जीव दिला. तीन वर्षांनी ते सभ्य गृहस्थ वारले, आणि त्यांच्या बायकोने मग तोंड उघडलं. शिक्षिकेशी कुंपणाच्या हद्दीवरून भांडण तिच्या नवऱ्याचं होतं, धक्का त्यानेच दिला होता, आणि चार वाजता कुणी कुणाला पाहिलं नव्हतं.

"कॉलिनची बायको ब्रेंडा रात्रपाळी करून आली होती," काका म्हणाले. "आत झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून त्याने दार ओढलं होतं. आणि त्या दोघांची जबानी मी तपासलीच नाही गं. त्या बाईने मला खुर्ची दिली होती."

आमचे कप तसेच गार झाले. नेहा रडायला लागली, आणि मला त्या कपाटाची पहिल्यांदाच लाज वाटली. त्यांच्या फुल्या खोडल्या त्याची तर अजून वाटते.

पोलिसांत त्यांना कुणी जाब विचारला नाही. पुरावा त्या वेळी तसाच होता, असं सगळे म्हणाले. हेच त्यांना सहन होत नसे. निवृत्त झाल्यापासून कॉलिन गेला त्या तारखेला ते दरवर्षी ब्रेंडाच्या घरी जायचे आणि घंटा वाजवायचे. ती खिडकीतून बघायची, दार उघडायची नाही. ते दहा मिनिटं उभे राहून परत यायचे. माफी मागायची होती का, असं मी विचारलं. म्हणाले, तिने मागू दिली तर मागीन, पण दार उघडायचं की नाही हे तिचं तिने ठरवायचं.

गेल्या वर्षी त्यांचे पाय पार गेले. डॉक्टरांनी फार दिवस दिले नव्हते. त्या तारखेला मी त्यांना ब्रेंडाकडे गाडीने घेऊन गेले. काठीवर भार देऊन त्यांनी घंटा वाजवली आणि मला दूर उभं राहायला सांगितलं. पाच मिनिटांत त्यांचे गुडघे थरथरायला लागले. मी धावणार, तेवढ्यात दार उघडलं. साठी उलटलेली एक बारीक बाई स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची घेऊन बाहेर आली आणि ती तिने वाटेवर ठेवली.

"बसा," ती इंग्रजीत म्हणाली. "आत यायचं नाही."

काका बसले. तिने दार लावलं नाही. चौकटीत उभी राहून ती त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, तर तिने मान हलवून नको म्हटलं. दहा मिनिटांनी मी त्यांना उठवलं. गाडीत मी तिला नावं ठेवायला लागले, तर त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "तिने बरोबर केलं, वसुधा. आत घ्यायला नकोच होतं."

दोन महिन्यांनी ते गेले. मी ब्रेंडाला दोन ओळींचं पत्र टाकलं, दफन कुठे आणि किती वाजता एवढंच. उत्तर आलं नाही. ज्यू दफनभूमीत मी शहाण्यासारखी फुलं घेऊन गेले. त्यांच्यात फुलं नेत नाहीत असं कुणीतरी हळूच सांगितल्यावर ती गाडीत ठेवून आले. माती लोटून झाली की फावडं दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, ढिगात रोवून ठेवायचं, पुढच्याने स्वतः उचलायचं, अशी तिथली रीत. माणसं मोजकीच होती, त्यामुळे प्रत्येकाला ते पुन्हा पुन्हा उचलावं लागत होतं.

मागे वळून पाहिलं तर फाटकाबाहेर ब्रेंडा उभी होती. त्या खेड्यापासून इथवर यायला दोन गाड्या बदलाव्या लागतात. वारा बोचरा होता आणि तिच्या कोटाची कॉलर वर केलेली होती. मी प्रार्थनेच्या खोलीतली एक खुर्ची उचलून बाहेर नेली, तिच्याजवळ ठेवली आणि आत चला म्हटलं.

तिने खुर्चीकडे पाहिलं, मग आत माती लोटणाऱ्या माणसांकडे.

"मी इथे दाराशीच बरी आहे," ती म्हणाली.

हे वाक्य कुणाचं, ते तिला माहीत असायचं कारण नव्हतं. खुर्ची तशीच राहू दिली आणि सगळं संपेपर्यंत मी तिच्या शेजारी फाटकाबाहेर उभी राहिले.